फ्लाइंग बुरिटो ब्रदर्सचा पहिला अल्बम : 'द गिल्डेड पॅलेस ऑफ सिन' (१९६९)

टेपरेकॉर्डर

कंट्री संगीताचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणं जिम रीव्ह्ज, जॉन डेन्व्हर आणि केनी रॉजर्स यांच्यापाशी येऊन थांबतं. तिघांचीही गाणी मला आवडतात. पण ज्या अल्बममुळे मी कंट्रीच्या खऱ्या अर्थाने नादी लागलो, त्याच्याबद्दल मराठीत काही वाचलेलं आठवत नाही. म्हणून हा धागा.

बँडचं नाव फ्लाइंग बुरिटो ब्रदर्स. हा त्यांचा पहिला स्टुडिओ अल्बम, ए अँड एम रेकॉर्ड्सने फेब्रुवारी १९६९ मध्ये काढलेला. अकरा गाणी. बिलबोर्डच्या यादीत १६४ व्या क्रमांकापर्यंत पोचला आणि दिसेनासा झाला. कंपनीच्या हिशेबाने पडलाच म्हणायचा. आज मात्र कंट्री आणि रॉक यांचं नातं कुठे जुळलं हे सांगताना या अल्बमला वगळून पुढे जाता येत नाही.

आधी थोडं मागे जातो. लॉस एंजेलिसचा द बर्ड्‌स हा तेव्हाचा नावाजलेला रॉक बँड. १९६८ च्या सुरुवातीला त्यांच्यात ग्रॅम पार्सन्स नावाचा एकवीस वर्षांचा पोरगा आला. जॉर्जियातल्या वेक्रॉसमध्ये वाढलेला, आजोळ फ्लोरिडातल्या मोसंबी-संत्र्यांच्या बागायतदारांचं, घरी पैसा अमाप आणि दुःखही तेवढंच. वडिलांनी आत्महत्या केली तेव्हा हा बारा वर्षांचा होता, आणि शाळा संपली त्याच दिवशी आई गेली. त्याने बर्ड्‌सना कंट्रीची राजधानी समजल्या जाणाऱ्या नॅशव्हिलला नेलं आणि 'स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ' हा पूर्ण कंट्री अल्बम त्यांच्याकडून करून घेतला. तो ऑगस्टमध्ये बाजारात आला तेव्हा ग्रॅम बँडमध्ये नव्हता. वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर जाणार नाही म्हणून जुलैमध्येच तो बाहेर पडला होता. ऐन वेळी दगा दिला म्हणून बर्ड्‌सचा बास वादक ख्रिस हिलमन त्याच्यावर भयंकर चिडला. पण त्याच वर्षी हिलमननेही बर्ड्‌स सोडलं, दोघांचं जुळलं, आणि सॅन फर्नांडो व्हॅलीतल्या रिसीडा भागात एक घर भाड्याने घेऊन ते एकत्र राहायला लागले. या अल्बमची बरीचशी गाणी त्या घरात लिहिली गेली.

बाकीचे दोघे म्हणजे मिसिसिपीतल्या मेरिडियन गावचा ख्रिस एथरिज (बास आणि पियानो) आणि पेडल स्टील गिटार वाजवणारा 'स्नीकी' पीट क्लाइनो. ध्वनिमुद्रण १९६८ च्या अखेरीस हॉलिवुडमध्ये ए अँड एमच्या आवारात झालं. ही तीच जागा जिथे पूर्वी चार्ली चॅप्लिनचा स्टुडिओ होता.

आता मुद्द्यावर येतो. हा 'ग्रॅम पार्सन्सचा अल्बम' आहे असं म्हणायची पद्धत पडली आहे. ग्रॅम १९ सप्टेंबर १९७३ ला जोशुआ ट्रीच्या मोटेलमध्ये दारू आणि मॉर्फिनने गेला. वय सव्वीस. अशा मरणाभोवती आख्यायिका जमतातच. पण त्यात बाकीच्या तिघांचं काम झाकलं गेलं आणि त्याची मला मनापासून चीड येते. हा अल्बम बँडचा आहे. कान देऊन ऐकलं की ते कळतं.

'सिन सिटी' घ्या. दोन आवाज, शेजारी शेजारी, अगदी सरळ सुरावट. ग्रॅम आणि हिलमन दोघांचा आदर्श म्हणजे लूविन ब्रदर्स आणि एव्हर्ली ब्रदर्स. सख्खे भाऊ एकत्र गातात तेव्हा मुख्य आवाज कुठला आणि साथीचा कुठला हे कळेनासं होतं, तेच या दोघांनी साधलंय. स्टीरिओ मिश्रणात एक आवाज एका बाजूला आणि दुसरा दुसऱ्या बाजूला ठेवलाय. हेडफोन लावून एक कान काढा, फक्त हिलमन ऐका. मग दुसरा काढा, फक्त ग्रॅम. ग्रॅमचा आवाज पातळ, कुठे कुठे फाटणारा, प्रत्येक ओळीत कोसळेल की काय असं वाटायला लावणारा. हिलमनचा कोरडा आणि ठाम. ग्रॅमला कोसळायची मुभा मिळते ती हिलमन जागचा हलत नाही म्हणून.

आणि गाणं सुरू कोणी केलं? हिलमनने. त्यानेच सांगितलंय की सकाळी उठल्यावर त्याला पहिल्या ओळी सुचल्या, मग त्याने ग्रॅमला उठवलं आणि दोघांनी मिळून ते पुरं केलं. गाण्यात एकतिसाव्या मजल्यावरचं सोन्याचा मुलामा दिलेलं दार येतं. ते बर्ड्‌सच्या माजी व्यवस्थापकाच्या कार्यालयाकडे बोट दाखवतं असं सांगतात. लॉस एंजेलिस म्हणजे पापाची नगरी, पैसा तिथे कोणाला वाचवणार नाही, देवाचा कोप होणारच. हे शब्द दक्षिणेतल्या एखाद्या छोट्या चर्चमधल्या प्रवचनाचे शोभतात आणि गातायत सनसेट स्ट्रिपवरचे लांब केसांचे हिप्पी. पण कुठेही नक्कल नाही की टिंगल नाही. या अल्बमची सगळी ताकद मला यात दिसते. त्यांनी कंट्रीचा पोशाख चढवून रॉक वाजवला नाही. कंट्रीच्या जुन्या चौकटीवर त्यांची पूर्ण श्रद्धा होती आणि १९६८ सालची स्वतःची भीती त्यांनी त्या चौकटीत मांडली.

दुसऱ्या बाजूवर 'हॉट बुरिटो नंबर १' आणि 'नंबर २' आहेत. नावं उडाणटप्पू, गाणी मात्र काळीज पिळवटणारी. या दोन्हींच्या चालीचं मूळ एथरिजकडचं आहे. ग्रॅम 'नंबर १' मध्ये जे गातो ते त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं गाणं, असं माझं ठाम मत आहे. पण त्याच्या पायाखाली एथरिजचा पियानो आहे हे विसरू नका.

ज्यांनी ऐकलाय त्यांनी लिहा. ज्यांनी ऐकला नाही त्यांनी 'सिन सिटी'पासून सुरुवात करा.

स्वरवेडी

टेपरेकॉर्डर, लेख वाचून लगेच 'सिन सिटी' आणि 'वील्स' ऐकली. मी मुख्यतः आपलं शास्त्रीय ऐकणारी, त्यामुळे माझा कान पहिल्यांदा गेला तो त्या घसरत जाणाऱ्या वाद्याकडे. तेच पेडल स्टील ना? मला सारखी पं. ब्रिजभूषण काबरांची गिटार आठवत होती. स्वरावरून स्वरावर जाताना मधली जागा कुठेच रिकामी राहत नाही. आपल्या मींडेसारखंच, पण दोन-तीन स्वर एकाच वेळी वेगवेगळ्या दिशांना सरकतात असं काहीतरी होतं. ते कसं करतात?

टेपरेकॉर्डर

स्वरवेडी ताई, तुमचा कान अचूक जागी गेला. दोन्हींचं मूळ एकच आहे : हवाई बेटांवरची गिटार. मांडीवर आडवी ठेवायची आणि तारांवरून धातूचा तुकडा फिरवायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हवाईचे कलाकार जगभर फिरले आणि त्यांची पद्धत एकीकडे अमेरिकेच्या कंट्रीत शिरली, दुसरीकडे भारतात आली. व्हॅन शिप्ली हिंदी चित्रपटांची गाणी त्यावर वाजवायचे ते आपल्याकडच्या जुन्या श्रोत्यांना आठवत असेल. काबरांनी तिला रागसंगीतात आणलं. १९६७ चा 'कॉल ऑफ द व्हॅली' म्हणजे शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि काबरा. बुरिटोजचा अल्बम त्यानंतर दोनच वर्षांनी आला.

अमेरिकेत त्या गिटारीला पाय जोडले, म्हणजे खाली पेडलं लावली. डावा हात धातूचा बार फिरवतो, उजव्या हाताच्या बोटांत नख्या, आणि पेडल दाबलं की ठराविक तारांचा ताण बदलून स्वर वर किंवा खाली जातो. बाकीच्या तारा जागच्या जागी. म्हणून एक स्वर स्थिर असताना दुसरा त्याच्याकडे सरकत येताना ऐकू येतो. तुम्ही जे ओळखलंत ते हेच.

पण क्लाइनोची खरी करामत 'ख्रिस्टिन्स ट्यून' मध्ये ऐका. त्याने पेडल स्टीलचा आवाज फझबॉक्समधून काढलाय, जो तोवर इलेक्ट्रिक गिटारवाल्यांचा खेळ होता. नॅशव्हिलचे स्टीलवादक स्वच्छ, काचेसारखा सूर लावण्यासाठी आयुष्य घालवत होते, आणि हा माणूस मुद्दाम तो खरखरीत करत होता. या अल्बममध्ये रॉक पद्धतीचा मुख्य गिटारवादक जवळजवळ नाहीच. ते काम क्लाइनोचं स्टील करतं.

अवांतर : क्लाइनोचा पोटापाण्याचा व्यवसाय होता चित्रपटातल्या बाहुल्या एकेक चौकट हलवून जिवंत करण्याचा. 'गंबी' या मुलांच्या मालिकेवर त्याने काम केलं होतं, आणि पुढे १९८४ च्या 'टर्मिनेटर'मध्येही त्याचं काम आहे.

सॅनहोजेकर

लेख आवडला, पण मुख्य मुद्द्याशी असहमत.

हिलमन, एथरिज, क्लाइनो तिघेही उत्तम, वाद नाही. पण दिशा कोणी दिली? ग्रॅमने. बर्ड्‌समध्ये येण्याआधीच त्याने इंटरनॅशनल सबमरीन बँड घेऊन 'सेफ ॲट होम' केला होता, तोही कंट्रीच. 'डू यू नो हाउ इट फील्स' हे गाणं त्या अल्बममधूनच इथे आलंय. मग 'स्वीटहार्ट'. मग हा. तिन्ही ठिकाणी समान माणूस एकच. तुमचे बाकीचे तिघे ग्रॅम भेटण्यापूर्वी काय करत होते? आणि १९७० मध्ये ग्रॅमला बँडमधून काढल्यावर बुरिटोजने या तोडीचं काय केलं? माझ्या मते काही नाही. एखाद्याला गमावल्यावर बँडचा प्राण जातो, याचा अर्थ प्राण कोण होता हे उघड आहे.

शिवाय ग्रॅमकडे जे होतं ते शिकून येत नाही. वेक्रॉसमध्ये १९५६ साली एल्व्हिस येऊन गेला तेव्हा हा नऊ वर्षांचा पोरगा तिथे हजर होता. दक्षिणेचं संगीत त्याच्या अंगात होतं. हिलमन कॅलिफोर्नियाचा.

टेपरेकॉर्डर

सॅनहोजेकर, ग्रॅम नसता तर हा अल्बम झाला नसता हे मीही म्हणेन. पण 'बाकीचे काय करत होते' याचं उत्तर ऐकाच.

हिलमन सॅन दिएगोच्या बाजूचा, हे खरं. पण शाळकरी वयात त्याने मँडोलिन हातात घेतलं आणि ब्लूग्रास (कंट्रीचाच तारवाद्यांवरचा जुना प्रकार) वाजवणाऱ्या बँडमधून वाजवू लागला. बर्ड्‌समध्ये येण्याआधी तो मँडोलिनवादकच होता. बास गिटार नंतर आली. १९६७ च्या बर्ड्‌सच्या अल्बमवर त्याचं 'टाइम बिट्वीन' आहे. ते ऐका. क्लॅरन्स व्हाइटची गिटार, कंट्रीची चाल, आणि ग्रॅमचं तेव्हा बर्ड्‌समध्ये नावही नव्हतं. त्यामुळे हिलमनला कंट्री ग्रॅमने शिकवलं हे म्हणणं टिकत नाही. ग्रॅम आला तेव्हा त्या बँडमध्ये त्याची भाषा कळणारा एक माणूस आधीपासून होता.

दक्षिणेचं म्हणाल तर एथरिज मेरिडियनचा. कंट्रीचे जनक म्हणतात त्या जिमी रॉजर्सचं तेच गाव. त्याच्या बासच्या चालीत चर्च आणि सोल (काळ्या गायकांचं भावनेने ओथंबलेलं संगीत) दोन्ही ऐकू येतात. तो पुढे बरीच वर्षं विली नेल्सनच्या बँडमध्ये होता.

ग्रॅमला का काढलं हेही बघा. कार्यक्रमाला उशिरा यायचं, नशेत यायचं, रोलिंग स्टोन्सच्या मागे मागे फिरायचं. हिलमनने वाट पाहिली आणि मग निर्णय घेतला. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

माळरान

या दोघांच्या वादात एक गोष्ट निसटतेय. पहिल्या बाजूवर 'डू राइट वुमन' आणि 'डार्क एंड ऑफ द स्ट्रीट' एकापाठोपाठ आहेत. ही दोन्ही कंट्री गाणी नाहीत, सोल आहेत. डॅन पेन आणि चिप्स मोमन यांनी लिहिलेली. पहिलं अरेथा फ्रँकलिनने, दुसरं मेम्फिसच्या जेम्स कारने गाजवलं. दोन्ही १९६७ ची. म्हणजे बुरिटोजनी ती घेतली तेव्हा लोकांच्या कानात ताजी होती.

अमेरिकेच्या दक्षिणेत गोऱ्यांचं रेडिओ स्टेशन वेगळं, काळ्यांचं वेगळं, दुकानात कप्पेही वेगळे. पण गाणी लिहिणारे, वाजवणारे एकमेकांच्या अंगणात वावरत होते. पेन आणि मोमन स्वतः गोरे, लिहीत होते काळ्या गायकांसाठी. त्याआधी १९६२ मध्ये रे चार्ल्सने कंट्री गाण्यांचा अल्बम करून गोऱ्या श्रोत्यांना दाखवून दिलं होतं की ही गाणी कोणाच्या मालकीची नाहीत. बुरिटोजनी तोच रस्ता उलट दिशेने चालून दाखवला : सोल गाणी घेतली आणि स्टील गिटारवर गायली. आणि ती इतकी सहज बसली की दोन्हीची मुळं शेजारी असल्याचं कळायला वेगळा पुरावा नको.

'डार्क एंड'मध्ये एक जोडपं लपूनछपून भेटतंय, पकडले जाऊ ही भीती आहे. जेम्स कार ते गातो तेव्हा तो आतून मोडलेला असतो. ग्रॅम गातो तेव्हा तो थोडा बेदरकार वाटतो. मला कारचंच जास्त भिडतं, हे स्पष्ट सांगतो. पण 'डू राइट वुमन'मध्ये बुरिटोज वरचढ नसले तरी वेगळे आहेत. त्यात वरच्या पट्टीतला साथीचा आवाज डेव्हिड क्रॉस्बीचा. मूळ गाणं स्त्रीच्या तोंडचं, स्वतःचा मान मागणारं. तेच पुरुषांनी गायलं की ते कबुलीसारखं लागतं.

टेपरेकॉर्डर

माळरान, या प्रतिसादासाठी धन्यवाद. कारच्या बाबतीत पूर्ण सहमत. त्या गाण्यापुढे कोणीही कमी पडेल.

ग्रॅम स्वतः या सगळ्याला 'कॉस्मिक अमेरिकन म्युझिक' म्हणायचा, 'कंट्री रॉक' हे नाव त्याला आवडत नसे. तुम्ही लिहिलंत तेच त्याच्या मनात असणार.

रेशीमधागा

मला संगीतातलं फार कळत नाही, पण मुखपृष्ठ बघून थांबले. मी भरतकाम करते आणि शिकवते. हे कोट कोणी केलेत?? पांढऱ्या कोटावर हिरवी पानं आणि लाल फुलं, पँटवर ज्वाळा! भरतकाम इतकं दाट आहे की खालचं कापड काही ठिकाणी दिसतच नाही.

टेपरेकॉर्डर

रेशीमधागा, तुम्ही हा प्रश्न विचारलात म्हणून फार बरं वाटलं. या कपड्यांचा इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

नॉर्थ हॉलिवुडमध्ये न्यूडी कोन नावाच्या शिंप्याचं दुकान होतं. जन्म कीव्हचा, लहानपणी अमेरिकेत आला. कंट्रीच्या मोठमोठ्या गायकांचे चमचमते, भरतकाम केलेले सूट तो करायचा. हँक विल्यम्स त्याचं गिऱ्हाईक, आणि एल्व्हिसचा सोनेरी लाम्येचा (जरीसारख्या चकचकीत कापडाचा) सूटही त्याचाच. त्या सूटवर गाडीची चाकं, निवडुंग, घोड्याचे नाल, ताशपत्ते असं काय काय असायचं. कंट्री गायकासाठी न्यूडीचा सूट म्हणजे आपण मोठे झालो याची पावती.

बुरिटोजचे चार सूट त्याच दुकानात मॅन्युएल कुएवासने केले. तो मेक्सिकोतल्या मिचोआकान प्रांतातला. ग्रॅमच्या कोटावरची हिरवी पानं गांजाची आहेत आणि लाल फुलं अफूची. बाह्यांवर झोपेच्या गोळ्या, पुढे नग्न स्त्रिया, पाठीवर भला मोठा क्रूस. हिलमनच्या सूटवर मोर, एथरिजच्या सूटवर गुलाब, क्लाइनोच्या काळ्या मखमलीवर सोनेरी टेरोडॅक्टिल (डायनासोरच्या काळातला उडणारा प्राणी). बॅरी फाइनस्टाइनने वाळवंटात नेऊन त्यांचा फोटो काढला.

ग्रॅमचा सूट आज नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये ठेवलेला आहे.

रेशीमधागा

मोठं करून पाहिलं. साखळी टाका आहे, यंत्रावरचा, पण हाताने फिरवून भरलेला. रेषा वळताना जाडी बदलते त्यावरून कळतं. पाठीवरचा क्रूस आणि पुढे अफू, हे एकाच कोटावर मांडायचं म्हणजे तो कोट घालणारा काय सांगत होता हे मॅन्युएलला नीट समजलं असणार. नुसतं नक्षीकाम म्हणून असं कोणी करत नाही. वर पाप आणि प्रवचन याबद्दल जे लिहिलंय तेच इथे धाग्याने लिहिलंय.

ढोलकीवाला

तालाबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून मी बोलतो. या बँडला अल्बम करताना कायमचा ड्रमर नव्हता! जॉन कॉर्नील, एडी हो, पोपाय फिलिप्स, सॅम गोल्डस्टाइन असे वेगवेगळे लोक वेगवेगळ्या गाण्यांवर आहेत. बर्ड्‌सचा जुना ड्रमर मायकल क्लार्क अल्बम झाल्यानंतर आला.

वाजवणाऱ्याच्या कानाने ऐकलं तर हा बदल जाणवतो. 'माय अंकल'ला ड्रम्स नसल्यातच जमा, मँडोलिनच ठेका धरतं. 'हॉट बुरिटो नंबर २'मध्ये बास आणि ड्रम्स मिळून सोल बँडसारखे ढकलतात. एकच ड्रमर असता तर अल्बमला एकसंधपणा आला असता, पण प्रत्येक गाण्याची चाल वेगळी राहिली नसती. कच्चेपणा आहे, काही ठिकाणी लय हलते. नॅशव्हिलच्या कसलेल्या वादकांकडून असं कधी झालं नसतं. मला तो कच्चेपणा खटकतो, तरी अल्बम पुन्हा लावतो.

व्हँकुव्हरवासी

'माय अंकल' वर दोन शब्द. अंकल म्हणजे अंकल सॅम, अर्थात अमेरिकेचं सरकार. निवेदकाला सैन्यभरतीचं पत्र आलंय, व्हिएतनामला जायचं नाही, म्हणून तो सरहद्द ओलांडायचा विचार करतोय, आणि गावाचं नाव घेतो व्हँकुव्हर. मी इथे राहतो. माझ्या शेजारचे एक आजोबा त्याच काळात अमेरिकेतून असे आले आणि इथलेच झाले. १९७७ च्या जानेवारीत अध्यक्ष कार्टर यांनी भरती टाळणाऱ्यांना माफी दिली, पण आजोबा परत गेले नाहीत. त्यांना हे गाणं ऐकवलं तर चाल आनंदी का आहे म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, वीस वर्षांचा होतो, पळून जाताना आनंदच झाला होता, दुःख मागून कळलं.

त्या वेळी कंट्री रेडिओवर युद्धाची बाजू घेणारी गाणी लागत होती. त्याच संगीतात, ब्लूग्रासच्या मँडोलिनवर, 'मी जाणार नाही' म्हणणं याला छाती लागते.

चिंचोळी_गल्ली

मग इतकं सगळं असून खपला का नाही? कंपनीने जाहिरात केली नाही का?

टेपरेकॉर्डर

कंपनीवर सगळं ढकलता येणार नाही. व्हँकुव्हरवासींनी लिहिलंय त्यातच अर्धं उत्तर आहे. कंट्री स्टेशनांना हे लांब केसांचे, गांजाची पानं छातीवर मिरवणारे लोक नको होते. आणि रॉकच्या तरुण श्रोत्याला स्टील गिटार म्हणजे बापाचं, युद्धाला पाठिंबा देणाऱ्यांचं संगीत. दोन्ही दारं बंद.

त्यात दौरा. १९६९ च्या सुरुवातीला बँड विमानाऐवजी आगगाडीने देशभर फिरला. खर्च अफाट, वाटेत पत्त्यांचे डाव आणि नशा, आणि मंचावर तयारी कमी. अल्बममध्ये जे दोन आवाज इतके घट्ट आहेत ते प्रत्यक्षात बऱ्याचदा विस्कटलेले असायचे असं त्यांचे समकालीन सांगतात. हिलमननेही ते लपवलेलं नाही.

मात्र ज्यांनी ऐकला ते वादक होते, गायक होते. बर्नी लेडन याच बँडमध्ये आला आणि मग ईगल्समध्ये गेला. गायिका एमिलू हॅरिसने १९७५ च्या 'एलीट हॉटेल'वर 'सिन सिटी' आणि 'वील्स' दोन्ही घेतली. एल्व्हिस कॉस्टेलोने १९८१ मध्ये 'हॉट बुरिटो नंबर १' वेगळ्या नावाने गायलं. ईगल्सच्या रेकॉर्डी करोडोंनी खपल्या. बुरिटोजच्या वाट्याला त्यातलं काही आलं नाही, आणि याचं मला आजही वाईट वाटतं.

सॅनहोजेकर

'सिन सिटी'त भूकंपाची धास्ती आहे. फेब्रुवारी १९७१ मध्ये सॅन फर्नांडोचा भूकंप झाला, ज्या व्हॅलीत हे गाणं लिहिलं त्याच भागात. कॅलिफोर्नियात राहून ते गाणं ऐकलं की ते नुसतं प्रवचन वाटत नाही.

बाकी हिलमनचं 'टाइम बिट्वीन' ऐकलं. चांगलं आहे. तरी दिशा ग्रॅमचीच यावर मी कायम.

आणि एक तक्रार. शेवटचं 'हिप्पी बॉय' कोणाला आवडतं का? पाच मिनिटं हिलमन नुसता बोलतो.

स्वरवेडी

मला आवडलं! आपल्या कीर्तनात आख्यान लावतात तसं. बोलता बोलता गोष्ट पुढे जाते, मागे ऑर्गन वाजत राहतो. हिप्पी मुलगा, दंगल, मरण. शेवटी सगळे मिळून बेसूर आवाजात चर्चचं गाणं म्हणतात तेव्हा अंगावर आलं. १९६८ च्या ऑगस्टमध्ये शिकागोत डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनाबाहेर पोलिसांनी तरुणांना झोडपलं होतं, ते वाचल्यावर पुन्हा ऐकलं. अल्बम तिथेच संपतो हेच योग्य.

माळरान

स्वरवेडींशी सहमत. आणि ते हिलमनकडे दिलं हेच योग्य. ग्रॅमने ते भावुक करून टाकलं असतं.

ढोलकीवाला

+१

आता पुढे काय ऐकू? त्यांचा दुसरा अल्बम 'बुरिटो डिलक्स' घेऊ का?

टेपरेकॉर्डर

ढोलकीवाला, 'बुरिटो डिलक्स' (१९७०) नंतर ऐका. त्यात 'वाइल्ड हॉर्सेस' आहे, रोलिंग स्टोन्सनी स्वतःचं बाजारात आणायच्या आधी बुरिटोजनी काढलेलं. पण बाकी अल्बम सैल आहे. ग्रॅमसाठी त्याचे दोन एकल अल्बम घ्या, 'जीपी' (१९७३) आणि तो गेल्यावर आलेला 'ग्रीव्हस एंजल' (१९७४). दोन्हीत एमिलू हॅरिस त्याच्यासोबत गाते. तिला वॉशिंग्टनच्या एका क्लबात आधी ऐकलं होतं हिलमनने, आणि तिच्याबद्दल ग्रॅमला सांगितलं तेही त्यानेच. सॅनहोजेकर, हे तुमच्यासाठी मुद्दाम लिहितोय.

आणि हिलमनसाठी डेझर्ट रोझ बँड ऐका. त्यांचाही पहिलाच अल्बम, १९८७ चा. पेडल स्टीलवर जेडी मॅनेस, जो 'स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ'वरही होता. तोच दोन आवाजांचा घट्टपणा, त्याच चौकटीवरची श्रद्धा. त्यातलं 'ही'ज बॅक अँड आय'म ब्लू' १९८८ मध्ये बिलबोर्डच्या कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. ज्या कंट्री रेडिओने १९६९ मध्ये बुरिटोजना दारात उभं केलं नव्हतं, त्याच रेडिओवर.